ऐकू येणारा प्रश्न : संगणकशास्त्राचे विद्यार्थी आणि समाजमाध्यमांवरील समुदाय

प्रस्तावना

संगणकशास्त्राच्या अध्यापनात समाजमाध्यमांचा उपयोग हा विषय आता नवा राहिलेला नाही. २००४ मध्ये ऑर्कुट व फेसबुक सुरू झाले आणि त्यानंतरच्या थोड्याच वर्षांत, विद्यार्थी जेथे जमतात तेथे अध्यापकांनीही जावे, असा विचार विद्यापीठांतून मांडला जाऊ लागला. आज वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप गट ही महाविद्यालयांतील नित्याची बाब झाली आहे. तथापि गट स्थापन होणे आणि समुदाय निर्माण होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला आधार देणारा समुदाय कशाने घडतो, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. सदस्यसंख्या व संदेशसंख्या हे यशाचे निकष अपुरे आहेत. एकाने विचारलेला प्रश्न इतरांच्या कानी पडतो की नाही, हा अधिक महत्त्वाचा निकष होय, असे प्रतिपादन येथे केले आहे.

सैद्धांतिक भूमिका

जीन लेव्ह व एटिएन वेंगर यांनी ‘सिच्युएटेड लर्निंग’ या १९९१ च्या ग्रंथात शिक्षणाकडे पाहण्याची वेगळी दृष्टी दिली. त्यांच्या मते शिकणे म्हणजे एखाद्या समुदायाच्या काठावर प्रवेश मिळवून हळूहळू केंद्राकडे सरकणे होय. लायबेरियातील शिंप्यांचे त्यांनी दिलेले उदाहरण प्रसिद्ध आहे. तेथील उमेदवार आरंभी तयार कपड्याला गुंड्या लावणे यांसारखी शेवटच्या टप्प्यातील कामे करतो. कापड बेतण्याची कामगिरी त्याच्याकडे फार उशिरा येते. दरम्यान तो जाणत्यांचे काम पाहत व बोलणे ऐकत असतो.

हा विचार संगणकशास्त्राला विशेष लागू पडतो. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या नवशिक्याला संगणकाकडून मिळणारा त्रुटिसंदेश त्रोटक व परका असतो. एकाच प्रयोगशाळेत अनेक विद्यार्थी एकाच चुकीपाशी अडलेले असतात. परंतु प्रत्येकाला वाटते की आपणच तेवढे मंद. दुसऱ्याने तोच प्रश्न उघडपणे विचारला, तर उत्तराबरोबर ‘आपण एकटे नाही’ हा दिलासाही मिळतो.

समुदायाचे बळ दाखवणारे एक उदाहरण या शास्त्राच्या इतिहासातच आहे. ऑगस्ट १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने मिनिक्स वापरणाऱ्यांच्या यूजनेट गटात आपल्या नव्या प्रणालीची माहिती देऊन सदस्यांची मते मागवली. जानेवारी १९९२ मध्ये मिनिक्सचे निर्माते प्रा. अँड्र्यू टॅननबॉम यांनी त्याच गटात लिनक्सच्या रचनेवर कठोर टीका केली आणि टॉरवाल्ड्स यांनी तिला तितकेच रोखठोक उत्तर दिले. हा वाद सर्वांसमक्ष झाला, हे त्याचे शैक्षणिक मोल होय. मात्र प्रत्येक विद्यार्थ्याला असे धैर्य लाभत नाही, हेही येथे ध्यानात घ्यावे लागते.

फेसबुकविषयक संशोधनाची मर्यादा

निकोल एलिसन, चार्ल्स स्टाइनफील्ड व क्लिफ लॅम्प यांनी २००७ मध्ये मिशिगन राज्य विद्यापीठातील २८६ विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. फेसबुकचा वापर आणि विद्यार्थ्यांचे सामाजिक भांडवल यांत संबंध असल्याचे त्यातून दिसून आले. अध्यापनात समाजमाध्यमे आणण्याच्या समर्थनार्थ या अभ्यासाचा आधार घेताना एक भेद विसरता येत नाही. अभ्यासाने मोजले ते परस्परसंबंध. विषयाचे आकलन नव्हे. ओळखी वाढल्या म्हणजे ज्ञान वाढले, हे अनुमान त्यातून निघत नाही.

नील सेल्विन यांच्या २००९ च्या लेखात ब्रिटनमधील एका विद्यापीठातील ९०९ विद्यार्थ्यांच्या फेसबुक-भिंतींचे विश्लेषण आहे. व्याख्यानांविषयीची कुरकुर, वेळापत्रकाची विचारपूस, अभ्यासाची जुजबी देवघेव, अगतिकतेचे प्रदर्शन आणि थट्टामस्करी असे या लेखनाचे स्वरूप त्यांना आढळले. त्यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. विद्यार्थ्यांना अशा मोकळ्या जागेची गरज असते. आणि अध्यापक तेथे अधिकाराने शिरला की तिचा मोकळेपणा संपतो. माध्यमाची लोकप्रियता म्हणजे अभ्यासाची तयारी, असा अर्थ लावणे म्हणूनच धाडसाचे ठरते.

स्टॅक ओव्हरफ्लो व पियाझा : दोन प्रतिमाने

जेफ अ‍ॅटवुड व जोएल स्पोल्स्की यांनी २००८ मध्ये सुरू केलेल्या स्टॅक ओव्हरफ्लोने प्रश्नोत्तरांना टिकाऊ रूप दिले. एकदा मिळालेले उत्तर पुढे वर्षानुवर्षे कोणालाही शोधून वाचता येते. परंतु याच टिकाऊपणासाठी पुनरावृत्त व अस्पष्ट प्रश्न बंद करण्याची शिस्त तेथे आली. नवशिक्याचा प्रश्न स्वभावतःच पुनरावृत्त आणि अस्पष्ट असतो. आपले स्थळ नवख्यांना पुरेसे स्वागतशील वाटत नाही, हे २०१८ मध्ये संस्थेनेच जाहीरपणे मान्य केले. स्टॅक ओव्हरफ्लो हे उत्तम ग्रंथालय आहे; पण ग्रंथालयाकडून वर्गाची अपेक्षा ठेवणे योग्य नव्हे.

पियाझाची प्रेरणा निराळी होती. तिच्या संस्थापक पूजा शंकर यांनी आयआयटी कानपूरमधील आपला विद्यार्थिदशेतील अनुभव जाहीरपणे सांगितला आहे. संगणकशास्त्राच्या वर्गात मुली मोजक्याच होत्या. मुले आपसांत चर्चा करून गृहपाठ सोडवत, आणि संकोचामुळे त्यांना त्या चर्चेत सहभागी होता येत नसे. स्टॅनफर्डमध्ये शिकत असताना २००९ मध्ये त्यांनी पियाझाची उभारणी सुरू केली. तेथे सहाध्यायांना नाव न कळू देता प्रश्न विचारता येतो, विद्यार्थी उत्तर देऊ शकतात आणि अध्यापक योग्य उत्तराला मान्यता देतो. निर्भयता व प्रकटता या परस्परविरोधी भासणाऱ्या गोष्टींचा येथे मेळ बसतो.

अर्थात त्याची किंमत अध्यापकाच्या श्रमांत मोजावी लागते. जॉर्जिया टेकमधील प्रा. अशोक गोयल यांच्या सुमारे ३०० विद्यार्थ्यांच्या ऑनलाइन वर्गात एका सत्रात जवळपास १०,००० संदेश येत. त्यावर उपाय म्हणून २०१६ मध्ये ‘जिल वॉटसन’ हा यांत्रिक साहाय्यक योजण्यात आला. समुदाय विनाखर्च चालतो, ही समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही.

महाराष्ट्राच्या संदर्भात

महाराष्ट्रातील बी.सी.ए. किंवा बी.एस्सी. संगणकशास्त्राच्या वर्गात मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यावर दुहेरी भार असतो. त्याला विषय अपरिचित असतो आणि इंग्रजीतून प्रश्न मांडणेही अवघड वाटते. स्टॅक ओव्हरफ्लोच्या स्पॅनिश, पोर्तुगीज, रशियन व जपानी आवृत्त्या निघाल्या. भारतीय भाषेतील एकही निघाली नाही. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात मराठीत विचारता येते, पण तेथे नाव व क्रमांक सर्वांसमोर असतो आणि सूचना, शुभेच्छा व परीक्षेच्या तारखा यांच्या ओघात प्रश्न वाहून जातो. पुढील वर्षीच्या वर्गाला त्यातले काहीच मिळत नाही.

आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे उदाहरण येथे उद्‌बोधक ठरते. त्यातील अनेक पाठ मराठी निवेदनासह उपलब्ध आहेत आणि प्रश्न विचारताना तो पाठातील कोणत्या मिनिटाशी निगडित आहे, हे नोंदवता येते. ‘काहीच समजले नाही’ असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला नेमके कोठे अडले हे सांगण्याची सवय त्यातून लागते. प्रश्नाला ठावठिकाणा मिळणे हे शिक्षणच आहे.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यानंतर या चर्चेला नवे वळण मिळाले आहे. यंत्राला विचारताना लाज वाटत नाही, मराठीतही विचारता येते आणि उत्तर तत्काळ मिळते. एकट्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा मोठा लाभ आहे. परंतु तो प्रश्न शेजारच्या बाकापर्यंत पोहोचत नाही. साठपैकी चाळीस विद्यार्थी एकाच ठिकाणी अडले, तरी ते एकमेकांनाही कळत नाही आणि अध्यापकालाही नाही. आपले अध्यापन कोठे तोकडे पडले, हे सांगणारा दर्पणच त्यामुळे नाहीसा होतो.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, माध्यमाची निवड हा दुय्यम प्रश्न आहे. समाजमाध्यमे येतात व जातात. ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झाले. विद्यार्थ्याला नाव न उघड करता व स्वभाषेत विचारण्याची मुभा, उत्तरांचा पुढील वर्गासाठी जपलेला संग्रह, उत्तर देणाऱ्या वरिष्ठ विद्यार्थ्यांचा गौरव आणि या कामाची अध्यापकाच्या कार्यभारात नोंद, या चार गोष्टी महाविद्यालयाच्या हाती आहेत. त्यांतील शेवटच्या गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्यास पहिल्या तीन फार काळ टिकणार नाहीत. काठावर बसलेला विद्यार्थी बोलत नाही म्हणजे त्याला शंका नाहीत, असे नव्हे. त्याची शंका दुसऱ्या कोणाच्या तरी तोंडून त्याला ऐकू यावी, एवढी सोय करणे हे समुदायाचे पहिले कर्तव्य होय.