संहिता, कर्ता आणि ध्वनिमुद्रिका : एल्गरच्या व्हायोलिन कॉन्चेर्टोचे तीन पाठ

साहित्यकृतीचा अर्थ कर्त्याच्या हेतूने निश्चित होतो काय, या प्रश्नाची चर्चा विम्झट आणि बिअर्ड्सली यांच्या 1946 च्या निबंधापासून बार्थच्या कर्तृमृत्यूच्या घोषणेपर्यंत पुष्कळ झाली आहे. मात्र ही चर्चा बहुधा छापील संहितेपुरतीच राहते. कर्ता स्वतःच आपल्या संहितेचा प्रयोग करतो आणि तो प्रयोग टिकून राहतो, तेव्हा हेतूची बाजू वरचढ ठरते असे वाटू लागते. एडवर्ड एल्गरच्या बी मायनर व्हायोलिन कॉन्चेर्टोची ध्वनिमुद्रणे या समजुतीला अडचणीत आणतात.

फ्रिट्झ क्राइस्लरला अर्पण केलेली ही रचना 10 नोव्हेंबर 1910 रोजी लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये प्रथम सादर झाली. वादक क्राइस्लर, संचालक खुद्द एल्गर. क्राइस्लरने मात्र ती कधीच ध्वनिमुद्रित केली नाही. अखेर 1932 च्या जुलैमध्ये, पंचाहत्तरीतल्या एल्गरच्या संचालनाखाली, सोळा वर्षांच्या यहुदी मेन्युहिनने ती ॲबी रोड येथे वाजवली. हा योग जुळवून आणणारा फ्रेड गायस्बर्ग म्हणजे 1902 साली कलकत्त्यात गौहर जानचे गाणे तबकडीवर उतरवणारा गृहस्थ. तेव्हापासून मेन्युहिनची ही मुद्रिका ‘कर्त्याचा पाठ’ म्हणून प्रमाण मानली जाते. ती सुमारे 50 मिनिटे चालते. तीन वर्षे आधी, 1929 मध्ये, आल्बर्ट सॅमन्सने हेन्री वुडच्या संचालनाखाली केलेले मुद्रण मात्र सुमारे 43 मिनिटांत आटोपते. एल्गर हजर होता, म्हणजे विलंबित चलन त्यालाच अभिप्रेत होते, असा निष्कर्ष यावरून सहज काढला जातो.

या निष्कर्षाच्या आड येतो तो तिसरा पाठ. 1916 साली मेरी हॉल या वादिकेबरोबर एल्गरनेच या रचनेचे मुद्रण केले होते. ते कर्ण्यातून ध्वनी टिपण्याचे दिवस होते, त्यामुळे सारी कृती चार बाजूंत बसेल इतकी छाटली गेली. तिसऱ्या भागातील कॅडेन्झाखाली वाद्यवृंदाची तंतुवाद्ये बोटांच्या मऊ भागाने तारा झंकारत राहतात. तो कुजबुजता नाद कर्ण्याला टिपता येईना, म्हणून एल्गरने तेथे हार्पसाठी नवे स्वर लिहून दिले. मूळ संहितेत त्या जागी हार्प नाही. म्हणजे एकाच कर्त्याचे दोन पाठ, आणि त्यांत केवळ लयीचा नव्हे, तर स्वरलेखनाचाही फरक.

1916 चा पाठ तांत्रिक तडजोडीतून आला, त्यात हेतू शोधू नये, असा आक्षेप येईल. तो मान्य केला तरी 1932 च्या पाठालाही तोच न्याय लावावा लागतो. तेथेही दर चार-साडेचार मिनिटांनी बाजू संपते आणि ओघ तोडावा लागतो. तेथेही एक वृद्ध रचनाकार एका विलक्षण मुलाच्या वाजवण्याला प्रतिसाद देत आहे. पहिल्या भागातील दुसऱ्या विषयावर मेन्युहिन जो रेंगाळतो, तो रेंगाळ एल्गरचा की मेन्युहिनचा, हे तबकडी सांगू शकत नाही. मूळ संहितादेखील एकहाती नव्हती. व्हायोलिनच्या गजकामासाठी एल्गरने डब्ल्यू. एच. रीड या वादकाची मदत घेतली होती.

सॅमन्सच्या पाठात कर्ता अनुपस्थित आहे, आणि काही बाबतींत संहिता तेथेच अधिक स्पष्ट उभी राहते. त्याचा गज रुंद, ठाम आहे, आणि वाक्य मध्येच सोडून देणे त्याला ठाऊक नाही. पहिल्या भागाची लांबलचक बांधणी त्याच्या वादनात एका दमात कळते. मेन्युहिनच्या वादनात तिचे सुंदर तुकडे पडतात. कॅडेन्झात मात्र उलट घडते. पहिल्या भागातील विषय येथे आठवणींसारखे परततात. सॅमन्स त्यांना रचनेचा शेवटचा टप्पा म्हणून हाताळतो, तर मेन्युहिनकडे ते प्रथमच सुचल्यासारखे येतात. सोळा वर्षांच्या वादकाला स्मरणाची ही भाषा कोठून अवगत झाली, याचे उत्तर चरित्रात शोधण्याचा मोह आवरणे बरे.

तो मोह या कृतीच्या अभ्यासकांना पूर्वीपासून आहे. स्वरलिपीच्या आरंभी एल्गरने एक स्पॅनिश वाक्य दिले आहे : येथे कोणाचा तरी आत्मा बंदिस्त आहे, असे ते सांगते, आणि नावाच्या जागी पाच टिंबे ठेवते. त्या टिंबांत कोणत्या स्त्रीचे नाव बसवावे यावर बरीच शाई खर्ची पडली आहे. इझरच्या परिभाषेत ही रिक्त जागा आहे, आणि ती वाचकाने भरायची असते. पण बार्थच्या टोकाला जाऊन कर्त्याला हद्दपार करणेही येथे जमत नाही, कारण ती टिंबे कर्त्यानेच मोजून मांडली आहेत आणि 1916 चे हार्पचे स्वरही त्याचेच आहेत. तेव्हा ध्वनिमुद्रिकेत कर्ता शोधायचा तर तो पाठांना प्रमाणपत्र देणारा म्हणून नव्हे, एक पाठकार म्हणून शोधावा लागेल. त्याच्या वाचनाची सॅमन्सच्या वाचनाशी तुलना होऊ शकते, आणि काही जागी ते उणे ठरते. क्राइस्लरचे वाचन, ज्याच्यासाठी हे सारे लिहिले गेले, त्या तुलनेत कधीच येणार नाही.