म्हैसूरचा 'अस्पृश्य' आणि अमेरिकेतील शिष्यवृत्ती

१९३७ साली म्हैसूरच्या एका अस्पृश्यांच्या शाळेत मुख्याध्यापकांनी अमेरिकेतून आलेल्या पाहुण्याची ओळख 'अस्पृश्य' म्हणून करून दिली. पाहुणे होते बेंजामिन मेज. गुलामगिरीत जन्मलेल्या आईबापांचा हा मुलगा शिकागो विद्यापीठाचा पीएच.डी. झाला होता. प्रथम ते चमकले, दुखावले. मग त्यांना कळून चुकले, की आपल्या देशात आपणही तेच आहोत. 'बॉर्न टू रिबेल' या आत्मकथनात (१९७१) त्यांनी हे नोंदवले आहे.

या मेज यांचे नाव २००३ पासून अमेरिकेतील एका शिष्यवृत्तीला आहे. मेलन फाउंडेशनने ती १९८८ मध्ये सुरू केली. पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या सुमारास विद्यार्थी निवडायचा, त्याला एक प्राध्यापक मार्गदर्शक द्यायचा, सुट्टीत मजुरीला न जाता संशोधन करता यावे म्हणून पैसे द्यायचे. तो पुढे पीएच.डी.ला गेला तर शैक्षणिक कर्जाचा काही भागही फेडायचा. विषय मुख्यतः साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान आणि काही समाजशास्त्रे. यातून हजारावर पीएच.डी. झाले.

मला यातले पैसे महत्त्वाचे वाटत नाहीत. शिष्यवृत्ती आपल्याकडेही आहे. १९४४ पासून आहे. पण ती विद्यार्थ्याला जगवते, आणि तेही उशिरा, खिडकीपाशी चार खेटे घालायला लावून. 'तू उद्या ज्ञान निर्माण करशील' असे ती त्याला कधी म्हणत नाही. आमचा मुलगा बी.ए.ला येतो तो बहुधा दुसरीकडे प्रवेश मिळाला नाही म्हणून. मीही तसाच आलो. संशोधन नावाचे काम माणसे करतात आणि ते आपणही करू शकतो, हे मला एम.ए. होईपर्यंत कोणी सांगितले नव्हते. आमच्या जगण्यावर प्रबंध मात्र इतर लिहीत होते.

तरीही या योजनेपुढे नतमस्तक होण्याचे कारण नाही. तिच्यामागे एका बँकर घराण्याची संपत्ती आहे. ती प्रामुख्याने निवडक महाविद्यालयांत पोचलेल्यांनाच गाठते. (कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांचा गट तिच्यात आहे, हे मान्य.) आरंभी तिच्या नावात 'मायनॉरिटी' हा शब्द होता, २००३ मध्ये तो गेला आणि मेज आले. एका थोर माणसाच्या नावाआड एक अडचणीचा शब्द नाहीसा झाला, असे मला वाटते. पुढे २०२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करण्यालाच मनाई केली.

आणि पीएच.डी. झाल्यावर काय? तिकडे मानव्यविद्यांतल्या कायम जागा आटत आहेत. इकडे आमचे नेट-सेट झालेले तरुण तासिका तत्त्वावर तीन महाविद्यालये पायाखाली घालतात. संशोधक घडवायचा आणि तासावर राबवायचा, हा कुठला न्याय?

बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय काढले, ते कारकून तयार करण्यासाठी नव्हे. त्या परिसरातून लेखक उभे राहिले, कारण तेथे विद्यार्थ्याला तू लिही म्हणणारे शिक्षक होते. आपल्यापैकी जे आज वर्गावर आहेत, त्यांनी दुसऱ्या वर्षातला एक तरी मुलगा, एक तरी मुलगी यंदा हेरावी. त्यासाठी मेलनची वाट पाहावी लागत नाही.