असूड कुणाच्या पाठीवर?

बलिप्रतिपदेच्या दिवशी ओवाळताना आमची आई तबकातला दिवा किंचित वर उचलायची आणि हमखास म्हणायची, "इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो." आम्हा मुलांचे डोळे तोवर फराळाच्या ताटाकडे लागलेले असायचे. हा बळी कोण, त्याचे राज्य कधी गेले, आणि ते परत यावे असे सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांत संसार करणाऱ्या बाईला का वाटावे, हे कोणी विचारले नाही. पुढे कळले, की जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त हाच प्रश्न विचारला होता आणि बळीची आपण ऐकलेली कथा पार उलटी करून दाखवली होती.

परंतु आज मला लिहायचे आहे ते त्यांच्या दुसऱ्या पुस्तकाविषयी. 'शेतकऱ्याचा असूड' हे ते पुस्तक. दिवाळीच्या दिवसांत चकलीशेजारी असूड कशाला, असे वाचक म्हणतील. पण चकलीच्या भाजणीपासून दारच्या झेंडूपर्यंत सारी दिवाळी ज्याच्या शेतातून येते, त्याची वर्षातून एकदा विचारपूस करायला हाच दिवस बरा. शिवाय हे पुस्तक आपल्या पुण्याचे आहे, आणि पुणेकरांनीच ते सर्वांत कमी वाचले आहे, अशी माझी जुनी समजूत आहे.

कॉलेजात असताना मी ते वाचायला घेतले आणि पहिल्याच प्रकरणावर मिटून ठेवले. शेतकऱ्याच्या घरी जन्मापासून मरणापर्यंत, किंबहुना मरणानंतरही, कोणकोणत्या निमित्ताने भट येतो आणि काय काय घेऊन जातो, याचा हिशेब त्या प्रकरणात आहे. माझे आजोबा भिक्षुकी करीत. त्यांची पडशी मला आठवत होती. मला राग आला, आणि तरुणपणी राग आला की माणूस पुस्तक मिटतो. चाळिशीनंतर ते पुन्हा उघडले तेव्हा ध्यानात आले, की मी उंबरठ्यावरूनच परतलो होतो. घर आत होते.

'असूड' १८८३ साली लिहून झाला. पाच प्रकरणांपैकी पहिली दोन 'दीनबंधु' पत्रात आली. पुढची छापण्याचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी टाळले. लोखंडे काही परके नव्हेत, सत्यशोधकांपैकीच एक. आपल्याच माणसालाही ही भाषा झेपली नाही, यावरून तिचा दाह कळावा. परंतु छापखान्याची वाट पाहत जोतीराव बसले नाहीत. पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी त्यांनी लोकांना जमवून हे लिखाण वाचून दाखवले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीही ते ऐकले.

ही गोष्ट टीकाकारांनी पुरेशी लक्षात घेतलेली नाही, असे मला वाटते. या पुस्तकाच्या शैलीवर नेहमी एक आक्षेप येतो: वाक्ये अर्धे पान चालतात, पोटात दुसरी वाक्ये घेतात, क्रियापद कुठे तरी शेवटी भेटते. डोळ्यांनी वाचले तर हा आक्षेप खराच आहे. एका संध्याकाळी मी चौथे प्रकरण घरात मोठ्याने वाचून दाखवले. सौभाग्यवती वाती वळत बसल्या होत्या. पानभर वाचून मी दम घ्यायला थांबलो, तर त्या म्हणाल्या, "थांबलात का? त्याला घरी तर पोचू द्या." तेव्हा मला कळले, की हे वाक्य कानासाठी बांधलेले आहे. चावडीवर गाऱ्हाणे सांगणारा माणूस पूर्णविराम देत नाही. पूर्णविराम दिला की दुसरा कोणी तरी बोलू लागतो, हे त्याला ठाऊक असते.

तो घरी जाणारा माणूस म्हणजे चौथ्या प्रकरणातला कुळवाडी. कलेक्टरसाहेबाच्या मुक्कामावरून दाद न लागता तो परत निघाला आहे आणि वाटेने स्वतःशीच बोलतो आहे. मग जोतीराव आपल्याला त्याच्या घरात नेतात, गोठा, भांडीकुंडी आणि भाकरी दाखवतात. इथे टाहो नाही. गावचा पंचनामा करणाऱ्याने एकेक वस्तू लिहून घ्यावी तशी ही यादी आहे, आणि म्हणूनच ती काळजाला भिडते. मराठी गद्यात गरिबाच्या घराचे इतके नेमके वर्णन त्यापूर्वी कोणी केले असेल, तर ते माझ्या वाचनात नाही. कुळवाड्याची दया येण्याआधी आपल्याला त्याच्या घराची माहिती होते, हा या प्रकरणाचा गुण.

आता खरा मुद्दा, पाचव्या प्रकरणाचा. तक्रार कोणीही करतो. उपाय सांगायची वेळ आली की भले भले घसा खाकरतात. जोतीराव एकामागून एक उपाय सांगत जातात. पोलीस आणि पलटणी रिकाम्या असतील तेव्हा त्यांच्याकडून ताली आणि बंधारे घालून घ्या, म्हणजे पावसाचे पाणी शेतात मुरेल आणि माती वाहून जाणार नाही. जुने तलाव दुरुस्त करा. विहिरीला पाणी कुठे लागेल त्याचा शोध घ्या. कालव्याचे पाणी तोटी बसवून, गरजेपुरते आणि मोजून द्या. जंगलखात्याने घेतलेली गायराने परत करा. गुराढोरांची पैदास सुधारा. शेतीची प्रदर्शने भरवा, चांगल्या शेतकऱ्याला बक्षीस द्या, त्याच्या मुलांना शेतीचे शिक्षण द्या, परदेशच्या शेतकी शाळाही पाहू द्या. आणि या सगळ्याला पैसा कोठून? तर बड्या पगारांना आणि पेन्शनींना कात्री लावून.

हे लिहिणारा माणूस ध्यानी घ्या. तो नुसता समाजसुधारक नव्हता. हंटर कमिशनपुढे १८८२ साली निवेदन देताना त्याने स्वतःला व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर म्हणवले. मांजरीला त्याची कालव्याखालची जमीन होती, आणि सरकारी बांधकामांची कंत्राटे त्याने घेतलेली होती. कालव्याचे पाणी कोणाच्या शेतात आधी जाते आणि कागदावर काय लिहिले जाते, हे त्याने बांधावर उभे राहून पाहिले होते. त्याआधी १८७५ च्या मे महिन्यात याच पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्तऐवज जाळले होते. सरकारने चौकशी केली आणि १८७९ साली कायदा केला. सारा रोख सावकारावर राहिला. जोतीरावांनी सावकाराच्या मागे उभा असलेला सारा पाहिला, दर तीस वर्षांनी चढणारी मोजणी पाहिली, आणि कागद वाचता न येणारा शेतकरी पाहिला. रोगाची ही परीक्षा कमिशनच्या परीक्षेहून खोल होती.

काळाने या उपायांचे काय केले? ताली-बंधाऱ्यांची कल्पना १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीवर आली. पलटणीऐवजी उपाशी शेतकऱ्यानेच दगड फोडले, इतकाच फरक. पुढे १९७७ साली त्या योजनेचा कायदा झाला, आणि २०१४ नंतर जलयुक्त शिवाराच्या नावाने तीच माती पुन्हा उकरली गेली. राहुरीचे कृषी विद्यापीठ १९६८ साली निघाले, त्याला महात्मा फुल्यांचे नाव आहे. २०१९ च्या डिसेंबरात जाहीर झालेल्या कर्जमुक्ती योजनेलाही त्यांचेच नाव. नाव द्यायला आपण कधी कंजुषी केली नाही. मात्र पाणी मोजून देण्याची सूचना कानाला गोड लागली नाही, म्हणून ती पुस्तकातच राहिली.

आता दोष. गौरवग्रंथात दोष सांगत नाहीत, पण हा गौरवग्रंथ नव्हे. तिसऱ्या प्रकरणातला इतिहास आजच्या संशोधनापुढे टिकत नाही, आणि त्यातल्या काही शब्दांच्या व्युत्पत्ती तर हौसेच्या आहेत. दुसरा दोष याहून मोठा. एवढा जळजळीत मजकूर लिहूनही जोतीराव शेवटी सरकारच्याच दारी उभे राहतात. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या ऐषआरामावर कोरडे ओढतात, पण वरच्या सरकारला खरे कळले तर ते न्याय करील, ही आशा सुटत नाही. कुळवाडी एकटा साहेबाकडे जातो आणि एकटाच परत येतो. दुसऱ्या कुळवाड्याशी मिळून त्याने काही करावे, याला या पुस्तकात फारशी जागा नाही.

गंमत अशी, की पुस्तकात जे नाही ते माणसांनी केले. जुन्नर भागात सत्यशोधकांच्या पाठबळावर कुळांनी सावकारांच्या जमिनी कसायचे नाकारले. प्रवरानगरला विठ्ठलराव विख्यांनी शेतकरी गोळा केले, पुण्याचे धनंजयराव गाडगीळ त्यांच्याबरोबर उभे राहिले, आणि १९५० च्या सुमारास शेतकऱ्यांच्या मालकीचा साखर कारखाना उभा झाला. पुढे १९८० च्या आगेमागे शरद जोशींच्या मागे चाकणचा कांदा रस्त्यावर आला. 'असुडा'चे सहावे प्रकरण असे गावोगाव लिहिले गेले. त्यातल्या काही पानांना पुढे वाळवी लागली, हेही सांगायला हवे.

आता शेवटची गोष्ट, आणि ती आपल्या घरातली. जोतीराव पुण्याच्या म्युनिसिपालिटीत असताना शहरात मोठी मंडई बांधण्याचा विचार निघाला. तो पैसा गरिबांच्या शिक्षणाला लावा, म्हणून त्यांनी विरोध केला. मंडई बांधली गेलीच, आणि १८८६ साली लॉर्ड रे यांच्या नावाने उघडली. पुढे आचार्य अत्र्यांनी नगरपालिकेत पुढाकार घेतला आणि तिला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. ज्या इमारतीला त्यांनी नको म्हटले, तिच्यावरच आज त्यांचे नाव आहे. शहरात भाजी आणणाऱ्या शेतकऱ्याला जकात देऊन, दलाली देऊन हाती काय उरते, हा हिशेब त्यांनी 'असुडा'त मांडला आहे. त्या हिशेबाची पाटी मात्र मंडईत कुठे लावलेली नाही.

मागच्या दिवाळीत मी मंडईत झेंडू घेत होतो. पुरंदरकडच्या एका म्हाताऱ्या मावशींशी पाच रुपयांवरून घासाघीस चालली होती. शेवटी त्या म्हणाल्या, "घ्या काका, तुमचंच खरं. पर यस्टीचं भाडं तुमी कमी करून द्याल का?" मी पाच रुपये दिले. घरी येताना मला २०२३ चा डिसेंबर आठवला. केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली होती. ऑगस्टातच चाळीस टक्के कर बसला होता, त्यावर ही बंदी. ती २०२४ च्या मे महिन्यात उठली आणि उरलेला कर २०२५ च्या एप्रिलात गेला. ती बंदी आली त्या आठवड्यात आमच्या घरी काय घडले, ते प्रामाणिकपणे सांगतो. कांदा उतरला म्हणून भजी झाली आणि मी दोनदा मागून घेतली. चाकणच्या चाळीत त्या वेळी काय चालले असेल, हे माझ्या मनातही आले नाही.

पाण्याचेही तसेच. खडकवासल्याचा कालवा शेतीसाठी काढला गेला. आज पुण्याचा नळ आधी आणि दौंड-इंदापूरचे शेत नंतर, हा वाद दर उन्हाळ्याला उभा राहतो. आमच्या वाड्याच्या जागी इमारत झाली, तिच्या खाली मोटारी धुतल्या जातात. तोटी बसवा असे जोतीराव सरकारला सांगत होते. आज ती सूचना आधी आपल्याला लागू पडते.

'शेतकऱ्याचा असूड' या नावातली षष्ठी मला आता वेगळी दिसते. असूड शेतकऱ्याच्या हातातला, की शेतकऱ्याच्या पाठीवर बसणारा? तरुणपणी मला वाटले, तो माझ्या आजोबांवर उगारला आहे, आणि मी पुस्तक मिटले. आता वाटते, सरकारी धोरण म्हणजे केवळ मंत्र्याने काढलेला हुकूम नव्हे. स्वस्त कांद्यासाठी आपण घरात बसून जी हाकाटी करतो, तिला भिऊनच तो हुकूम निघतो. असुडाची मूठ सरकारच्या हाती दिसते खरी, पण तिला थोडा आपलाही हात लागलेला असतो.

यंदा पाडव्याला दिवा वर उचलण्याचे काम आमच्या सूनबाईंकडे आहे. बळीचे राज्य येवो, असे त्या म्हणतील. मी पाटावर बसलेला असेन. त्या राज्यात कांदा काय भावाने घ्यावा लागेल, याची मनाशी तयारी करून बसायचे, एवढे मी ठरवले आहे.