वस्तुसंग्रहालयातील नाद आणि निवेदन

संग्रहालयातील पुराणवस्तू मूक असते. काचेच्या पेटीत तिचे रूप टिकते; परंतु तिला हाताळणारी माणसे व तिच्या भोवतालचे आवाज तिच्यापासून तुटलेले असतात. हा तुटलेला संबंध नाद आणि कथन यांच्या योगे पुन्हा जोडण्याचा आधुनिक संग्रहालयांचा प्रयत्न स्वागतार्ह होय. तथापि ही दोन साधने एका जातीची नाहीत, आणि त्यांतील भेद न ओळखल्यास इतिहासाचीच हानी होते.

तूतनखामेन या इजिप्तच्या राजाच्या थडग्यातील दोन तुताऱ्यांचे उदाहरण या दृष्टीने उद्‌बोधक आहे. हॉवर्ड कार्टर याने १९२२ साली हे थडगे शोधून काढले. त्यातील एक तुतारी रुप्याची, दुसरी तांब्याच्या मिश्रधातूची. १९३९ साली बी.बी.सी.ने कैरोच्या संग्रहालयातून त्यांचे वादन नभोवाणीवर ऐकविले. वादक होता ब्रिटिश लष्करातील जेम्स टॅपर्न. तीन हजारांहून अधिक वर्षांच्या मौनानंतर धातूस वाचा फुटल्याचा प्रत्यय ते ध्वनिमुद्रण आजही देते.

परंतु ऐकू येते ते नेमके काय? मूळ तुताऱ्यांना स्वतंत्र माउथपीस नाही; टॅपर्नने आधुनिक माउथपीस वापरला होता. वाद्यांचे अभ्यासक जेरेमी माँटेग्यू यांनी पुढे यांपैकी एका तुतारीचे परीक्षण केले, तेव्हा मूळ स्थितीत तिच्यातून सहज निघणारे स्वर अगदी मोजके असल्याचे दिसून आले. फेरोंच्या काळातील स्वरलिपीही उपलब्ध नाही. तात्पर्य, धातू प्राचीन. वादनाची रीत आणि धून मात्र अर्वाचीन.

येथे भाषेची आठवण होणे अपरिहार्य आहे. 'तुतारी अशी वाजे' आणि 'तुतारी अशी वाजत असावी' या दोन वाक्यांत मराठी स्पष्ट भेद करते. भाषाशास्त्रज्ञ अनुमानाने सिद्ध केलेल्या रूपापूर्वी तारका छापतो. नादाजवळ मात्र ना 'असावी' आहे, ना तारका. जे कानी पडते ते घडलेच होते, असा भास तो निर्माण करतो. त्याचे सामर्थ्य हेच आणि धोकाही हाच.

कथनाचे तसे नाही. २०१० साली ब्रिटिश म्युझियमचे तत्कालीन संचालक नील मॅक्ग्रेगर यांनी बी.बी.सी.च्या नभोवाणीवर शंभर वस्तूंच्या द्वारे जगाचा इतिहास सांगितला. श्रोत्यास वस्तू दिसत नव्हती. सारा भार शब्दावर होता. वस्तूवरून काय सिद्ध होते आणि कोठून कल्पनेचा प्रांत सुरू होतो, हे शब्दाला सांगता येते. त्या मालेचे खरे बळ याच शक्यतेत आहे.

म्हणून संग्रहालयात कथनाने नादाचे केवळ भाट होऊ नये. नादातील जुने कोणते व नवे कोणते, हे त्याने सांगावे. त्यामुळे श्रोत्याचा आनंद उणावत नाही. उलट ऐकता ऐकता तो विचार करू लागतो, आणि वस्तू खऱ्या अर्थाने जिवंत होते ती तेव्हाच.