उशिरा आलेल्याचं अडतं का?

तमाशात आधी गण, मग गवळण, बतावणी आणि रात्र चढली की वग. कवलापूरच्या काळू-बाळूंचा ‘जहरी प्याला’ हा वग लागला, की गवळण आटोपल्यावर येऊन टेकलेल्या माणसाचंही काही अडायचं नाही, असं आमचे आबा सांगायचे. व्हिडिओ गेमची पुरवणी मूळ गेमपासून सोडवून वेगळी विकायला काढली, की मी तिला हीच कसोटी लावतो.

माझं पहिल्याच वेळी अडलं. सांगलीत कॉलेजला असताना मित्राने ‘हाफ-लाइफ’ची 1999ची पुरवणी ‘अपोझिंग फोर्स’ आणली. संगणकावर मूळ गेम नाही म्हणून ती ढिम्म हलेना. 2001चं ‘ब्लू शिफ्ट’ मात्र घातलं आणि चाललं. ‘हाफ-लाइफ’ची ड्रीमकास्ट या कन्सोलसाठी आवृत्ती येणार होती, तिला जोड म्हणून हे करायला घेतलेलं, ती आवृत्तीच रद्द झाली आणि हे पीसीवर स्वतंत्र निघालं. दोन बैठकांत संपलं. त्यातला पहारेकरी सुरुवातीलाच एका बंद दारावर थापा मारत उभा असतो आणि शेजारून ट्राम निघून जाते. मी आपला दार उघडायची वाट बघत बसलो. वर्षभराने मूळ गेम हाती लागला, तेव्हा ट्रामच्या खिडकीतून तोच पहारेकरी थापा मारताना दिसला. त्या ट्राममध्ये मूळचा नायक होता तर! खोकं वेगळं, पण आतली सगळ्यात देखणी जागा उसनी.

‘जीटीए 4’च्या दोन पुरवण्या 2009मध्ये आधी मूळ गेमवर डाउनलोड करायच्या होत्या, मग दोन्ही मिळून स्वतंत्र डिस्कवर आल्या. शहर तेच, एकदा मोटरसायकलवाल्या टोळीतून बघायचं, एकदा नाइटक्लबच्या मालकाचा उजवा हात होऊन. हिऱ्यांच्या एका सौद्यावर तिन्ही गोष्टी एकमेकींना छेदतात, तरी एकच खेळलेल्याच्या हातीही पुरी गोष्ट लागते. माझ्या लेखी हा अस्सल वग.

‘अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी’ (2017) आमच्याकडच्यांनी वेगळ्या कारणाने खेळावी. ‘अनचार्टेड 4’ची पुरवणी म्हणून सुरू झालेलं काम वाढत गेलं आणि 60 डॉलरच्या मूळ गेमपुढे 40 डॉलरला सुटं विकलं गेलं. जुना नायक गायब. त्याच्याऐवजी क्लोई आणि नॅडीन या दोघी होयसळांच्या खजिन्यामागे चक्क पश्चिम घाटात जीप घालतात. हळेबीड, बेलूर ही नावं खरी, देवळं मात्र सिनेमाच्या सेटसारखी अवाढव्य. साताऱ्याच्या माणसाची नजर लगेच ओळखीचा काळा कातळ शोधायला लागते. मला तो सापडला नाही. चिखलातून चढणारी जीप मात्र झकास. आणि जुन्या नायकाचा भाऊ सॅम ड्रेक समोर आल्यावर नॅडीन का भडकते, हे नवख्यालाही बोलण्यातून कळतं. उशिरा आलेल्याची एवढी काळजी क्वचितच कुणी घेतं.

पण सुट्या पुरवणीचा हा प्रकार आता मागे पडतोय. ‘जीटीए 5’ 2013मध्ये आला, त्याला कथेची एकही पुरवणी आली नाही; पैसा ऑनलाइनमध्ये होता. साताऱ्यात भाचा मोबाइलवर बीजीएमआय हा ऑनलाइन गेम खेळतो. तिथे ठरावीक मुदतीचा रॉयल पास घ्यायचा आणि मुदत संपेपर्यंत पळायचं. मागे काय होतं ते दाखव म्हटलं, तर मान वर न करता म्हणाला, “मामा, ते गेलं. आता नवीन आलंय.”