समालोचनाचे समालोचन

'समालोचन' हा शब्द मूळचा आम्हा मासिकवाल्यांच्या घरचा. एखादा ग्रंथ हाती घ्यावयाचा, त्याचे गुणदोष चहू बाजूंनी न्याहाळावयाचे आणि वाचकांपुढे मांडावयाचे, या क्रियेस आपल्याकडे समालोचन म्हणत. पुढे आकाशवाणी आली, तिच्याबरोबर क्रिकेटचे धावते वर्णन आले, आणि हा शब्द पुस्तकांचे घर सोडून क्रीडांगणावर राहावयास गेला. आज वर्ध्याच्या बाजारपेठेत कोणास समालोचनाविषयी विचारले, तर तो ग्रंथांची नव्हे, चेंडूफळीचीच गोष्ट काढील. त्याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु शब्द उसना नेणाऱ्याने त्याचा अर्थही सोबत नेला की वाटेत सांडला, हे पाहण्याचा हक्क मूळ मालकास राहतोच. म्हणून या महिन्यात पुस्तक बाजूस ठेवून, मोबाईलवरील अॅपमधून जे समालोचन आपल्या घराघरांत ऐकू येते, त्याचाच विचार करण्याचे योजिले आहे.

विचारासाठी सामना घेतला आहे तो रणजी करंडकाच्या २०२४-२५ च्या हंगामातील अंतिम सामना. विदर्भ आणि केरळ यांच्यातील हा सामना २६ फेब्रुवारी ते २ मार्च २०२५ या पाच दिवसांत जामठा येथे झाला. जामठ्याचे क्रीडांगण वर्धेकरांस परके नाही. नागपूर ते वर्धा हा सुमारे पाऊणशे किलोमीटरांचा रस्ता. त्याच रस्त्यावर नागपूर सोडताच ते लागते, आणि एसटीतून जाणाऱ्या प्रत्येकाची मान आपोआप तिकडे वळते. मात्र पाच दिवस कामधंदा सोडून तेथे जाऊन बसणे किती जणांस शक्य आहे? बहुतेकांनी तो सामना पाहिला तो जिओहॉटस्टारवर. कोणी कचेरीत, कोणी दुकानाच्या गल्ल्यावर, कोणी स्वयंपाकघरात मोबाईल डब्याला टेकवून.

केबलच्या काळात हे एवढेही घडत नसे. विदर्भाचा संघ १९५७-५८ पासून रणजी करंडकात खेळत आहे. पहिले विजेतेपद मिळाले ते १ जानेवारी २०१८ रोजी, इंदूर येथे दिल्लीस नऊ गडी राखून हरविल्यावर. मधल्या साठ वर्षांत आमच्या पिढीने आपला संघ पाहिला तो मुख्यत्वे वर्तमानपत्राच्या धावफलकात. याचे कारण कोणाचा दुष्टपणा नव्हे. केबलवरील एक वाहिनी एका वेळी एकच गोष्ट दाखवू शकते. आणि सकाळी साडेनऊपासून दिवस मावळेपर्यंत चाललेला, चार-पाच दिवस लांबणारा प्रांतिक सामना दाखविण्यास कोणती वाहिनी आपली जागा अडवून ठेवील? उपांत्य किंवा अंतिम सामना झाला तर झाला. फेब्रुवारी २०१९ मध्ये तर एक गंमतीचा योग जुळून आला. जामठ्यास विदर्भ सौराष्ट्राविरुद्ध आपले दुसरे विजेतेपद मिळवीत होता, आणि त्याच आठवड्यात केबलचे नवे दरनियम अमलात येऊन घरोघर वाहिन्यांच्या याद्या करण्याचे काम चालले होते. शंभर वाहिन्यांस १३० रुपये, वर कर, आणि क्रीडावाहिनी हवी तर तिचे पैसे निराळे. आपल्या जिल्ह्याच्या उंबरठ्यावर चाललेला सामना यादीत बसतो की नाही, याची अनेक घरांत वाटाघाट झाली असेल.

अॅपने ही जागेची टंचाई नाहीशी केली, हे निःसंशय. २१ फेब्रुवारी २०२५ हा दिवस घ्या. जामठ्यास विदर्भाने मुंबईस ८० धावांनी हरविले, आणि त्याच दिवशी अहमदाबादेस केरळने गुजरातवर पहिल्या डावातील अवघ्या दोन धावांच्या आघाडीने मात केली. दोन्ही उपांत्य सामने एकाच मोबाईलवर पाहावयास मिळाले. तरीही निवड करणारा हात नाहीसा झाला आहे असे कोणी समजू नये. साखळीतील अनेक सामन्यांपुढे आजही कॅमेराच उभा नसतो. जानेवारी २०२५ च्या अखेरीस दिल्ली आणि रेल्वे यांच्यातील सामना दाखविण्याच्या यादीत नव्हता; विराट कोहली खेळणार असे ठरताच तो यादीत आला. म्हणजे जागा वाढली, नजर तीच राहिली.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. दूरचित्रवाणीच्या पडद्यासमोर बसलेला मनुष्य प्रेक्षक असतो. मोबाईलवर सामना पाहणारा मनुष्य, आमच्या मते, निम्मा प्रेक्षक आणि निम्मा श्रोता असतो. तळहाताएवढ्या चित्रात चेंडू धड दिसत नाही, क्षेत्ररक्षक मुंग्यांसारखे दिसतात, आणि पाहणाऱ्याचे डोळे बहुतेक वेळ दुसऱ्याच कामात असतात. हिंगणघाटच्या कापूसबाजारातील व्यापारी भाव ऐकतो, काट्याकडे पाहतो आणि सामना कानाने सांभाळतो. त्यास हवे असते ते आकाशवाणीचे समालोचन: चेंडू कोठे पडला, फलंदाज पुढे आला की मागे गेला, कोणता क्षेत्ररक्षक कोठून कोठे हलविला. आपल्या देशातील पहिले नामांकित समालोचक बॉबी तल्यारखान १९३४ पासून माईकपुढे बसत, तेही दुसऱ्या कोणास शेजारी बसू न देता. दिवसभर एकच आवाज, आणि ऐकणाऱ्याच्या मनात सबंध मैदान उभे. मराठीत हेच काम पुण्याच्या बाळ ज. पंडितांनी केले. ते स्वतः रणजी खेळलेले असल्यामुळे त्यांच्या वाक्यास खेळाडूच्या अनुभवाचे वजन असे.

अॅपवरचे समालोचन मात्र केबलच्या साच्यातच ओतलेले आहे. तीन जण बसतात. चित्र दिसतेच आहे असे गृहीत धरून चित्र सोडून बाकी सर्व बोलतात. आपल्या काळच्या आठवणी, परस्परांची थट्टा, पुढच्या मोठ्या स्पर्धेतील निवडीचे अंदाज. मोठ्या पडद्यासमोर हे खपून जाते. डब्याला टेकविलेल्या मोबाईलसमोर ते केवळ आवाज ठरते, आणि गडी बाद झाल्यावर धावत जाऊन पाहावे तर पुनर्दृश्यही संपलेले असते.

शिवाय अॅपचा आणखी एक स्वभाव आहे. तेथे चित्राचे काही सेकंदांचे तुकडे पाडतात, प्रत्येक तुकडा उंची आणि हलक्या अशा अनेक प्रतींत तयार करतात, आणि ग्राहकाच्या यंत्रात काही तुकडे आधी साठवून मगच पहिला दाखवितात. त्यामुळे नेट क्षीण झाले तरी चित्र सहसा खुंटत नाही, धूसर होते. मात्र त्या साठवणीपायी ते केबलच्या मागे पडते. शेजाऱ्याकडे केबल असेल तर त्याच्या घरातील आरोळी आपल्या गोलंदाजाने चेंडू टाकण्यापूर्वीच भिंतीतून येते. नाटकाचा शेवट पिटातील कोणी आधीच ओरडून सांगावा, तसा हा प्रकार. उत्कंठा हा ज्या कलेचा प्राण, तिच्यात हे न्यून लहान नव्हे. अशा वेळी चांगला समालोचकच श्रोत्यास धरून ठेवू शकतो. निकाल आधी कळला तरी तो कसा घडला हे ऐकावेसे वाटले पाहिजे.

जामठ्याच्या सामन्यात असे ऐकण्याजोगे फार होते. विदर्भाचे तीन गडी २४ धावांत बाद झाले असता नागपूरचा एकवीस वर्षांचा दानिश मालेवार आणि कर्नाटकातून विदर्भात आलेला करुण नायर यांनी २१५ धावांची भागी केली. मालेवारच्या १५३ आणि नायरच्या ८६ धावा झाल्या, संघाच्या ३७९. केरळचा कर्णधार सचिन बेबी ९८ वर असताना पार्थ रेखडेच्या चेंडूवर झेल देऊन परतला, आणि केरळचा डाव ३४२ वर आटोपला. या सदतीस धावांच्या आघाडीनेच पुढे करंडक विदर्भाच्या हाती आला; दुसऱ्या डावात नायरने १३५ काढल्या आणि सामना अनिर्णित राहिला.

परंतु या सामन्यातील खरी कथा आम्हांस वाटते ती आदित्य सरवटे याची. २०१९ च्या अंतिम सामन्यात याच मैदानावर अकरा गडी बाद करून विदर्भास करंडक मिळवून देणारा हा नागपूरकर, या हंगामात केरळकडून खेळत होता. केरळ अंतिम सामन्यात पोहोचले तेही याच्याच एका चेंडूमुळे; अहमदाबादेस गुजरातच्या शेवटच्या फलंदाजाने त्यास मारलेला चेंडू जवळच्या क्षेत्ररक्षकाच्या शिरस्त्राणावर आपटून वर उडाला आणि बेबीच्या हाती गेला. आता तो आपल्या जुन्या घरच्या मैदानावर जुन्या सोबत्यांसमोर ७९ धावा काढीत होता. विदर्भाच्या प्रेक्षकांनी त्या वेळी काय करावे? टाळी वाजवावी की तो बाद व्हावा म्हणून देव पाण्यात ठेवावे? ज्याच्या मनात हा पेच उभा राहतो, त्याच्या तोंडून तो प्रसंग ऐकावयास हवा होता. आम्ही सामना हिंदीतून ऐकला. सरवटे पूर्वी कोठून खेळे, ही माहिती माहिती म्हणून कळते. पण आपला माणूस समोरच्या पक्षात उभा राहिल्याची कळ ही परक्या आवाजात उमटत नाही. हा हिंदीचा दोष नव्हे. ज्या वर्ध्यात १९३६ साली राष्ट्रभाषा प्रचार समिती स्थापन झाली आणि ज्या गावी आज हिंदीचे विद्यापीठ आहे, तेथील मनुष्यास हिंदी परकी नाही. परका होता तो बोलणाऱ्याचा गाव.

मराठी समालोचन अॅपवाल्यांस अशक्य आहे असेही नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये वर्ध्यास शहाण्णवावे मराठी साहित्य संमेलन भरले, आणि त्यानंतर दोनच महिन्यांच्या आत सुरू झालेल्या आयपीएलचे सामने जिओसिनेमाने विनामूल्य दाखविताना ज्या बारा भाषा दिल्या, त्यांत मराठीही होती. केदार जाधव तेथे मराठीत बोलत असतानाच बंगळूरच्या संघाने त्यास खेळावयास बोलावून नेले. या समालोचनाबद्दल आमचा अभिप्राय संमिश्र आहे. खेळाडूंच्या तोंडची तांत्रिक मराठी ऐकून आनंद झाला. मनगट, पाऊल, खांदा यांविषयी ते बोलत तेव्हा भाषा सहज वाहे. पण मराठीपणा दाखविण्याची एकदा हौस सुटली की म्हणींचा मारा सुरू होई. प्रत्येक षटकारास वडापाव, पुरणपोळी आणि ढोलताशा यांची फोडणी. आणि तो सारा मराठीपणा पुण्या-मुंबईच्या वेशीआतला. वैनगंगेपर्यंत पसरलेल्या मराठीत 'करून राहिला', 'येऊन राहिला' असे बोलणारी माणसेही क्रिकेट पाहतात, याची दखल तेथे आम्हांस आढळली नाही. त्याच बारा भाषांत भोजपुरीस स्थान होते, आणि तिचे समालोचन तर देशभर गाजले. तेव्हा बोलीचा ठसका श्रोत्यांस जड जातो, ही सबब चालण्यासारखी नाही.

विपरीत आहे ते असे की, चेन्नई विरुद्ध गुजरात अशा सामन्यास मराठी लाभते, आणि विदर्भाच्या स्वतःच्या अंतिम सामन्यास ती मिळावी हा अद्याप नियम नव्हे. गणित उघड आहे. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच वर्षांच्या हक्कांसाठी २०२२ साली दूरचित्रवाणीचे २३,५७५ कोटी आणि इंटरनेटवरील प्रक्षेपणाचे २३,७५८ कोटी मोजले गेले. अॅपने केबलला किमतीत मागे टाकले ते तेथे. तेवढी रक्कम वसूल करावयाची तर भाषाही तेथेच खर्चावयाच्या.

केबल सोडल्याने मध्यस्थ सुटतो, हा भ्रमही या निमित्ताने दूर व्हावा. अमेरिकेत महाविद्यालयांच्या फुटबॉलचे वेड विलक्षण. मिशिगन विद्यापीठाच्या क्रीडांगणात लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात, आणि तेथे शिकावयास गेलेली आपली मुलेही शनिवारी त्यात रंगतात. केबल टाकून यूट्यूब टीव्ही घेतलेल्या घरांत ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीपासून जवळजवळ दोन आठवडे ईएसपीएनच्या वाहिन्या बंद होत्या, कारण दोन कंपन्यांचे दराविषयी जुळेना. आणि हे ऐन हंगामात. आपल्याकडे २०२३ ची विनामूल्य आयपीएल २०२५ मध्ये वर्गणीची झाली. त्या वर्षाच्या प्रारंभी तीन महिन्यांस १४९ रुपये असा जो स्वस्त दर होता, तो एका वेळी एकाच मोबाईलपुरता. दिवाणखान्यातील टीव्हीवर सर्वांनी मिळून पाहावयाचे तर अधिक मोजा. केबलच्या १३० रुपयांत निदान घरातील सहा माणसे एका खोलीत बसत.

पैशाचे असो, रणजीच्या सामन्यापुरते एवढे तरी सहज होण्यासारखे आहे. ज्या प्रांताचा संघ खेळतो, त्या प्रांतातील दोन आवाज आणि एक माईक. चित्र तेच, कॅमेरे तेच. ध्वनीची एक निराळी पट्टी जोडावयाची. विदर्भाकडून वर्षानुवर्षे खेळून निवृत्त झालेले, मराठी बोलणारे खेळाडू नागपुरात आहेत. हर्ष दुबेने त्या एका हंगामात ६९ गडी बाद करून रणजीचा उच्चांक केला. त्यातील एकेक गडी कसा जाळ्यात आला, हे जामठ्याच्या खेळपट्टीवर स्वतः चेंडू टाकलेल्या माणसाच्या तोंडून, आमच्या बोलीत, कापसाच्या काट्याशेजारी बसून ऐकावयास आम्ही तयार आहो.