गोडसे भटजी आणि टॅसिटस

झाशीहून कानपूरकडे निघाले की वाटेत मोठ लागते. मराठी कानाला हे नाव आधी 'मोट' असेच ऐकू येते आणि विहीर आठवते. माझ्या पिशवीत 'माझा प्रवास' होते, आणि हाच रस्ता पुढे काल्पीला जातो, म्हणून मला एक ठरावीक विहीर आठवली.

१८५८ साली काल्पीच्या वाटेवर विष्णुभट गोडसे यांना राणी लक्ष्मीबाई भेटते ती विहिरीपाशी. पठाणी वेष, अंगभर धूळ, तहानलेली. भटजी पाणी काढू लागतात, तर ती त्यांना थांबवते, विद्वान ब्राह्मणाला हे काम सांगत नाही. मडक्याने स्वतः पाणी उपसून ओंजळीने पिते. या प्रसंगात वीररस शोधणाऱ्यांनी मला नेहमी कोड्यात टाकले आहे. त्यात थकवा आहे आणि थकव्यातही न सुटलेली रीत आहे, ती पाहणारा माणूस तिथे उभा होता एवढेच.

त्याच दिवसांत मी टॅसिटस वाचत होतो. ब्रिटनमधल्या आइसेनी टोळीचा राजा प्रासुटागस इ. स. ६०च्या सुमारास वारला. मृत्युपत्रात त्याने सम्राट नीरो आणि आपल्या दोन मुली यांना वारस केले होते. रोमनांनी सगळेच घशात घातले, राणी बौडिकाला फटके मारले, मुलींवर अत्याचार केले. पुढे कॅम्युलोडुनम आणि लंडन जळाले. १८५३चे गंगाधररावांचे निधन, दत्तकाचा नकार आणि १८५४चे खालसा संस्थान आठवल्याशिवाय हे वाचता येत नाही. (झाशी चिरडणाऱ्या त्याच इंग्रजांनी १९०२ साली बौडिकाचा पुतळा थेट वेस्टमिन्स्टर पुलापाशी उभारला. बंडखोर राणी आपली असली की चालते!)

टॅसिटस रोमनांचे अन्याय लपवत नाही, हे त्याचे मोठेपण. तेवढी झेप गोडसे भटजींची नाही. ते दक्षिणेच्या आशेने घराबाहेर पडलेले वरसईचे भिक्षुक. पण टॅसिटस लढाईआधी बौडिकाच्या तोंडी जे भाषण घालतो, ते रोमन इतिहासकारांच्या प्रथेतले आहे. त्याचा सासरा अग्रिकोला त्या सैन्यात होता. तो स्वतः तिथे नव्हता. आइसेनींची नाणी सापडतात, त्यांनी लिहिलेली हकीकत नाही. बौडिका लॅटिनमध्ये फार सुंदर बोलते, आणि म्हणूनच मला तिचा आवाज ऐकू येत नाही. तहान लागल्यावर ती काय करायची हे सांगायला कोणी उरले नाही.

म्हणून 'आपल्याकडे आपला साक्षीदार आहे' असे मी मनाशी म्हणत होतो. पण ते पुरते खरे नाही. भटजींनी १८८३च्या सुमारास मोडीत लिहिलेला मजकूर १९०७ साली छापला तो चिंतामण विनायक वैद्यांनी, भाषा घासूनपुसून, काटछाट करून. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी आवृत्ती काढली १९६६ साली. मधली जवळजवळ साठ वर्षे आपण वैद्यांचे गोडसे वाचले. त्यांचा हेतू चांगलाच असेल. पण भटजींचे ओबडधोबड वाक्य हीच तर साक्षीची खूण होती.

दुसरी अडचण अधिक टोचणारी. भटजी कोकणातले, नेवाळकरही मूळचे कोकणातले. मराठे या मुलखात आले ते छत्रसालाने बाजीरावाला हाक दिल्यावर, १७२९ साली; पुढे झाशीचा किल्ला वाढवला तो पेशव्यांच्या नारो शंकरने. मोठच्या परिसरातल्या बुंदेली कुळाच्या दृष्टीने रोम कुठले होते, पुण्याचे की कलकत्त्याचे? भटजींना हा प्रश्न पडत नाही. त्यांच्या पानांत बुंदेली माणूस गर्दीत असतो. कोरी समाजातली झलकारी, जी इथल्या आठवणींत राणीच्या बरोबरीने उभी आहे, मला त्यांच्या पुस्तकात सापडली नाही. इथे भटजी टॅसिटसच्या जवळ जातात.

तरी झाशीच्या लुटीची पाने मी कुणालाही वाचायला देईन. सोने-रुपे गेले, मग भांडी, मग कापड, धान्य. आणि वाड्यातल्या ग्रंथालयाची धूळधाण. पोथ्यांपायी जीव तुटलेला माणूसच असे लिहू शकतो.

मोठला आज हे पुस्तक वाचायचे तर ते हिंदीतच वाचले जाणार. अमृतलाल नागरांचा 'आँखों देखा गदर' हा अनुवाद पोतदारांच्या आवृत्तीच्या आधीचा आहे. म्हणजे तिथल्या वाचकाच्या हाती येतात ते वैद्यांचेच गोडसे.